नुसता नमस्कार

मिनल खाकाळ माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसते. बसायची, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. आमची कंपनी चिंचवडला. चाकणच्या कारखान्यांच्या गेटवर कार्ड दाखवून माणसं आत-बाहेर करतात ना, ती सिस्टीम आमची. मी सपोर्टला. म्हणजे कारखान्यात कोणाचं काही बिघडलं की पहिला आरडाओरडा माझ्या कानात होतो. मिनल डेटाबेसवाली, म्हणजे माणसांच्या सगळ्या नोंदी सांभाळणारी. ती शांत, मी तोंडाळ, त्यामुळे आमचं जमायचं.

तिचे वडील, बापूराव खाकाळ, चाकणच्या एका रबर कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. मूळचे आष्टी तालुक्यातले. त्याच गेटवर आमची सिस्टीम बसली तेव्हा त्या माणसाने अख्ख्या शिफ्टला सांगितलं होतं की ह्ये आमच्या मिनलचं मशीन हाय. गेटवर एक छोटी स्क्रीन आहे. कार्ड टेकवलं की त्यावर ‘नमस्कार’ आणि पुढे माणसाचं नाव येतं. ‘नमस्कार बापूराव’ वाचायला ते मुद्दाम क्षणभर थांबायचे. मागची रांग बोंबलायची, तरी थांबायचे. हे मला मिनलनेच सांगितलं होतं. सांगताना ती चिडल्यासारखं करत होती, पण चिडलेली नव्हती.

आता त्या कारखान्यातली खरी कटकट सांगते. ठेकेदार अनेक, त्यांचे कारकून त्याहून जास्त, आणि प्रत्येक कारकुनाची नाव लिहिण्याची तऱ्हा वेगळी. कार्ड हरवलं की नवं कार्ड मिळतं आणि नाव पुन्हा लिहिलं जातं. एकच ज्योतीराम कधी नुसता ज्योतीराम, कधी ज्योतीरामभाऊ, कधी ज्योतीरामजी. आपल्याकडे वयाने मोठ्या माणसाचं नाव नुसतं लिहायला हात धजत नाही, काहीतरी मानाचं शेपूट लागतंच. माणसाला त्यात काही वाटत नाही, कॉम्प्युटरला मात्र ती तीन माणसं. एक ज्योतीराम जुन्या कार्डाने आत जायचा, नव्या कार्डाने बाहेर यायचा, आणि सिस्टीमच्या लेखी जुना ज्योतीराम आतच राहायचा.

आगीची ड्रिल झाली की हे उघडं पडायचं. भोंगा वाजला की सगळ्यांनी मैदानात यायचं, तिथल्या मशीनवर कार्ड टेकवायचं, आणि स्क्रीनवर आत किती उरले तो आकडा शून्य व्हायला हवा. शून्य कधी व्हायचाच नाही. सगळी माणसं उन्हात उभी आणि स्क्रीनवर आत आठ-दहा भुतं. तिथले सेफ्टी ऑफिसर जयसिंग, चाकणच्याच जुन्या घरातले, मला फोन करून म्हणायचे, “मॅडम, ही भुतं तुमची हायेत का आमची, येवढं सांगा. आमी हुडकायची कुणाला?”

आमचा मॅनेजर रणजीत. त्याने ते काम मिनलला दिलं. एका माणसाची दोन-तीन नावं ओळखून त्यांचा एकच माणूस करायचा.

मी प्रोग्रामर नाही, पण शेजारी बसून इतकं कळलं. डेटाबेसची स्वतःची एक भाषा असते. याद्या काढायला, बेरजा मारायला ती चांगली, पण मराठी नावांशी झटापट करायची म्हटलं की ती तोतरी होते. म्हणून मिनलने त्या कामाचं फंक्शन, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, पायथनमध्ये लिहिलं. इतर सगळे प्रोग्राम ज्या भाषांत लिहितात, त्यातली ही एक. मात्र लिहिलेलं तिने बाहेर ठेवलं नाही, थेट डेटाबेसच्या पोटात ठेवलं. बाहेर ठेवलं असतं तर गेटवाल्या प्रोग्रामने ते वापरलं असतं आणि कॅन्टीनवाला विसरला असता. पोटात ठेवलं की नाव कुठूनही येवो, त्यातूनच जाणार. रणजीतला हे भारी आवडलं. कोणाला टाळता येणार नाही, कोणाला विसरता येणार नाही, असं तो मीटिंगमध्ये दोनदा म्हणाला. कोणाच्या डोळ्यांसमोरही ते राहणार नाही, हे आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही.

फंक्शन करायचं ते सोपं होतं. नावातले मानाचे शब्द काढून टाकायचे. राव, साहेब, भाऊ, बाई, ताई, अण्णा, आप्पा, बापू, दादा, जी. उरलेलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळली की माणूस एक. रुक्मिणीबाई आणि रुक्मिणीताई मिळून रुक्मिणी झाली. हिंदुराव आणि हिंदुरावजी मिळून हिंदु झाला, त्यावर आम्ही चहाच्या वेळी हसलोसुद्धा. पुढच्याच ड्रिलमध्ये आकडा शून्यावर आला. जयसिंग मला फोन करून पहिल्यांदाच चांगलं काहीतरी बोलले. गेटच्या स्क्रीनवरचं नावही रणजीतने त्याच फंक्शनमधून जायला लावलं, कारकुनांची शेपटं दिसू नयेत म्हणून.

त्यानंतर एकदा डबा खाताना मिनल वडिलांबद्दल म्हणाली, “आप्पा काल म्हणत होते, तुझं मशीन आजकाल नुसतं नमस्कार म्हणतं, पुढं काय बोलतच न्हाई. भाऊसाहेबकाकांनापण तसंच येतंय म्हणे.”

“मग?” मी विचारलं.

“मी म्हटलं, स्क्रीन लहान आहे, अक्षरं मावत नसतील. बघते.”

“ते फारच मनावर घेतात बाई.”

“नाव दिसलं नाही की रुसतात,” ती म्हणाली आणि हसली. मग तिला रणजीतची हाक आली. स्क्रीनचं काम दुसऱ्या टीमकडे होतं, ते राहून गेलं.

हे भाऊसाहेब म्हणजे भाऊसाहेब खाकाळ. बापूरावांच्या भावकीतले, त्याच गावचे, एका वर्गात बसलेले, एकाच ठेकेदाराकडे लागलेले. मिनलला त्यांनी खांद्यावर बसवून आळंदी दाखवली होती. तिला नोकरी लागली तेव्हा पेढे तिच्या बापाच्या आधी त्यांनी वाटले. दोघांची जन्मतारीखही एकच, एक जून, आणि सालही तेच. त्यात नवल काही नाही. खेड्यात ज्या पोराची जन्मतारीख घरी माहीत नसायची त्याला गुरुजी एक जून लावून मोकळे व्हायचे. माझ्या वडिलांचीही एक जूनच आहे.

आग लागली ती सकाळची, पहिली शिफ्ट ऐन भरात असताना. आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठी स्क्रीन आहे, तिच्यावर सगळ्या कारखान्यांचे आत किती माणसं आहेत ते आकडे दिसतात. रबर कारखान्याची चौकट लाल झाली. मी फोन केला तर जयसिंग धापा टाकत म्हणाले की ड्रिल न्हाई मॅडम, भट्टीपाशी पेटलंय, लई धूर हाय. मग आम्ही सगळे उठून भिंतीपाशी गेलो. आकडा खाली उतरत होता. मिनल तोंडावर हात धरून उभी होती. आकडा शून्य झाला आणि रणजीतने टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या. खऱ्या आगीत पहिल्यांदाच शून्य आलं, ह्याचा आपण व्हिडिओ करू, असं रणजीत म्हणत होता. काही माणसांना आग दिसली तरी तिच्यावर स्वतःची पोळी भाजून घ्यायची असते.

मिनल जागेवर जाऊन बसली. वडिलांना फोन लागणार नव्हता, तिथे मोबाइल गेटवरच्या कपाटात जमा करून आत जावं लागतं. म्हणून तिने त्यांचं नाव डेटाबेसमध्ये शोधलं. बाहेर आल्याची नोंद एकदा डोळ्यांनी बघायची, इतकंच. मी तिच्या मागेच उभी होते.

बापूराव खाकाळ नावाचा माणूसच डेटाबेसमध्ये नव्हता.

तिने पुन्हा टाइप केलं. मग नुसतं आडनाव टाकलं. एक ओळ आली. आडनाव खाकाळ, जन्मतारीख एक जून, आणि नावाची जागा कोरी. त्या एका कोऱ्या माणसाच्या नावावर दोन कार्डं होती.

मला काही कळलं नाही. तिला कळलं. ती हळू आवाजात, जणू मला शिकवतेय अशी म्हणाली, “बापू काढला. राव काढला. काय उरलं?”

मी त्या कोऱ्या जागेकडे बघितलं.

“भाऊ काढला. साहेब काढला. काय उरलं, विजयश्री?”

आपल्याकडे पोरगं पाळण्यात असतानाच त्याला कोणी बापू म्हणतं, कोणी भाऊ. पुढे शाळेत तेच नाव लागतं, वर राव नाहीतर साहेब चढतो, आणि जन्मभर तोच मान त्याचं नाव होऊन बसतो. मानाचा शब्द बाजूला केला की खाली दुसरं नावच नाही. हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पाळण्यापासून माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट वेळेवर का आठवत नाही, ह्याचं मला आजही उत्तर सापडलेलं नाही आणि त्याचा मला संताप येतो.

दोन कोरी नावं, एक आडनाव, एक तारीख. फंक्शनने त्यांचा एक माणूस केला होता. मैदानात दोघांपैकी एकाने कार्ड टेकवलं आणि तो एक माणूस बाहेर आला. आकडा शून्य.

“दोन्ही कार्डं टेकवली असतील,” मी म्हणाले.

“एकच आहे. बघ ना, एकच आहे.”

“कोणाचं?”

कार्डाला फक्त नंबर असतो. कोणता नंबर बापाचा आणि कोणता काकाचा, हे तिला माहीत नव्हतं. आपल्या बापाच्या कार्डाचा नंबर कोणाला माहीत असतो?

मी जयसिंगांना फोन लावला. “एक माणूस आत आहे,” मी म्हणाले.

“न्हाई मॅडम, शून्य हाय. तुमच्याच स्क्रीनवर हाय की. बंबवाल्यांनापण तसंच सांगितलंय, आत कुणी न्हाई म्हणून. ते भायेरनं पाणी मारतायत.”

मिनलने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. “शून्य खोटं आहे. मी लिहिलंय ते, खोटं आहे. बापूराव आहेत का तिथे? बापूराव खाकाळ?”

स्पीकर चालू होता, मला ऐकू आलं. “ह्ये काय, माझ्यापुढंच बसल्यात,” जयसिंग म्हणाले.

मिनलचा जीव भांड्यात पडला. मी तिचा चेहरा बघत होते. तिचे खांदे खाली आले, डोळे मिटले, ओठांवर चक्क हसू आलं. ते हसू तिथे किती वेळ राहिलं ते मला सांगता येणार नाही, फार नाही राहिलं. पण ते आलं होतं, आणि मी ते पाहिलं हे तिलाही कळलं. मग तिने डोळे उघडले.

“मग भाऊसाहेब आत आहेत,” ती म्हणाली.

पलीकडे नुसता जयसिंगांचा श्वास ऐकू आला. मग फोन कुठेतरी आपटला आणि ते बंबवाल्यांना हाका मारत पळत असल्याचं ऐकू आलं.

आम्ही माझ्या स्कूटीवरून निघालो. मोशीच्या पुढे नाशिक रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला. कंटेनरच्या मध्ये अडकून आम्ही उभ्या, मागे मिनल माझी ओढणी मुठीत धरून बसलेली. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, एक ओळ हवी होती गं. काहीच उरलं नाही तर पूर्ण नाव ठेव, इतकीच एक ओळ. मी तिला गप्प बस म्हणाले. फार कडक आवाजात म्हणाले.

भाऊसाहेब कॉम्प्रेसरच्या खोलीत सापडले. त्या खोलीत मशीनचा आवाज एवढा असतो की भोंगा ऐकू येत नाही. आग तिथवर पोहोचलीच नव्हती, धूर पोहोचला होता. दाराच्या आत, कडीला हात पोचेल इतक्या अंतरावर पडले होते. त्यांना बाहेर काढणारा बंबवाला आमच्याशी बोलत नव्हता, त्याच्या जोडीदाराशी बोलत होता. तो म्हणाला, आल्या आल्या कुणी सांगितलं असतं तर माणूस हाताला लागला असता.

बापूराव मैदानाच्या कडेला बसले होते. पोरीला बघून उठले नाहीत. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि दोघंही त्या दाराकडे बघत राहिले. त्या दिवशी ती त्यांना काही सांगू शकली नाही.

पुढचं सगळं कागदावरचं. रणजीतने अहवाल लिहिला. त्यात ठेकेदाराने दिलेल्या माहितीत दोन कामगारांची जन्मतारीख समान असल्याने, असं एक वाक्य होतं. म्हणजे दोष गुरुजींचा. पन्नास वर्षांपूर्वी आष्टीकडच्या शाळेत एक जून लिहिणाऱ्या माणसाला रणजीतने बरोबर पकडलं. मी ते वाक्य वाचून त्याच्या टेबलावर कागद आपटला आणि जे बोलायचं ते बोलले. त्याने मला पाणी प्यायला सांगितलं. मिनलने ती एक ओळ लिहिली, तपासली, डेटाबेसमध्ये टाकली, आणि मग राजीनामा दिला. तो मागे घे म्हणून मी खूप भांडले. ती ऐकून घ्यायची आणि नाही म्हणून मान हलवायची.

कारखाना पुन्हा सुरू झाला. बापूराव कामावर गेले त्या संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर होते. मिनलची आई गावाकडेच राहिली होती, भाऊसाहेबांच्या बायकोजवळ. मिनलने चहा केला. बापूराव हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसले.

“आज नाव आलं,” ते म्हणाले.

मिनलने कप खाली ठेवला.

“नमस्कार बापूराव. पैल्यासारखं. मागून कुणी वरडलं न्हाई. समदी गप उभी व्हती.”

तेव्हा तिने सांगितलं. मी उठून जायला लागले तर तिने माझा हात धरला, म्हणून मी बसले. तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. बापू काढला, राव काढला, भाऊ काढला, साहेब काढला. तुमचं कार्ड टेकलं आणि काकांचंही नाव गेलं. आप्पा, ते मी लिहिलं होतं. सांगताना ती रडली नाही, खालमानेने फरशीकडे बघून बोलत राहिली.

बापूरावांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

“मला दिसलं व्हतं,” ते म्हणाले. “मैदानात. मी समद्यांकडं बघितलं, भाऊसाहेब न्हाई. जयसिंगसायबाला जाऊन म्हणलं बी, सायेब, आमचा भाऊसाहेब राहिलाय आत.”

मिनलने मान वर केली.

“त्यानं मला स्क्रीन दावली. म्हणला, बापूराव, शून्य हाय. कुणी न्हाई आत. तुमच्याच पोरीचं मशीन हाय, ती खोटं बोलंल का?”

“मग?”

“मग मी बसलो.”

“आप्पा, तुम्ही पुन्हा का नाही सांगितलं? तुम्हाला दिसत होतं ना, ते नाहीत ते?”

बापूराव तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, हेच मला सहन होईना.

“म्हणलं, तू केलंयस,” ते म्हणाले. “म्हणजे माझंच चुकत असंल.”